इंग्रजी यमक-यादी, प्रगतीची नोंद ४: 'ऑरेंज' अजून अडलंय

इंग्रजी शब्द दिला की त्याची यमकं काढून देणारी यादी तयार करणं चाललंय. सध्याची परिस्थिती अशी: पक्क्या यमकांचा भाग नीट चालतोय. जवळच्या यमकांचा भाग चालतो, पण मधूनच असं काही उत्तर देतो की वाचणाऱ्यानं कपाळावर हात मारावा. दोन शब्द जोडून यमक काढायचं काम नुकतंच हाती घेतलंय. काम संत्रानगरी नागपुरात चाललंय म्हटल्यावर चाचणीचा शब्द 'ऑरेंज'च असणार, आणि इंग्रजीत यमकासाठी सगळ्यात बदनाम शब्दही तोच. 'मंथ', 'सिल्व्हर', 'पर्पल' ही त्याच पंगतीतली मंडळी.

कोश आणि त्याच्या खोड्या

पाया म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश घेतलाय. फुकट मिळतो, साधी टेक्स्ट फाइल आहे, सुमारे १,३४,००० नोंदी आहेत. प्रत्येक ओळीत आधी शब्द, मग त्याचे ध्वनी. एकूण ध्वनी ३९: १५ स्वर आणि २४ व्यंजनं. प्रत्येक स्वराला एक आकडा चिकटलेला असतो. १ म्हणजे मुख्य आघात, म्हणजे बोलताना दिलेला जोर, २ म्हणजे दुय्यम, ० म्हणजे आघात नाही. 'डोनेशन'ची ओळ वाचली तर: डी, ओडब्ल्यू०, एन, ईवाय१, एसएच, एएच०, एन. यमकाचा सगळा जीव त्या एका आकड्यात आहे.

फाइल उघडताना तीन ठिकाणी अडकायला होतं. ०.७बी ही आवृत्ती युनिकोड समजून वाचली तर पायथन (ही प्रोग्रॅम लिहायची भाषा) मध्येच त्रुटी देऊन थांबतो. ती लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंकेतात वाचायची. तीन अर्धविरामांनी सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे टिपा, त्या गाळायच्या. आणि एकाच शब्दाचे दोन-तीन उच्चार असतील तर शब्दापुढे कंसात आकडा येतो. तो कंस काढून उच्चार एकाच शब्दाखाली गोळा करायचे, पण एकही टाकून द्यायचा नाही. एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांसाठी जास्तीची सूचना: 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे शब्द एक्सेल शब्द म्हणून ठेवतच नाही, त्यांची खरं-खोटं अशी तर्कमूल्यं करून टाकतो. आणण्याआधीच तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवावा.

पक्कं यमक: कुठून कापायचं

नियम एका ओळीचा आहे. शेवटचा आघातयुक्त स्वर शोधा, तिथून शेवटपर्यंतचा तुकडा कापा. तो तुकडा जुळला पाहिजे आणि त्या स्वराच्या लगेच आधीचं व्यंजन वेगळं असलं पाहिजे. गझल लिहिणाऱ्यांना पहिला अर्धा भाग नवा वाटणार नाही. काफियात, म्हणजे गझलेच्या यमकात, जी अलामत सांभाळायची असते, तोच हा स्वर. फरक इतकाच की मराठीत शब्दाच्या शेवटाकडून मोजलं तरी भागतं, इंग्रजीत आघात पडेल तिथून मोजावं लागतं.

'हॉटेल' घ्या. आपण तिन्ही अक्षरं सारख्याच वजनानं म्हणतो, त्यामुळे 'बॉटल' कानाला बरं वाटतं. इंग्रजीत 'हॉटेल'चा आघात 'टेल'वर आहे आणि 'बॉटल'चा 'बॉ'वर. म्हणजे 'हॉटेल'ला 'बेल', 'वेल', 'स्पेल' चालतात. 'बॉटल'ला 'थ्रॉटल' चालतं. हे दोघं एकमेकांना चालत नाहीत.

नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्याकडचे लोक हमखास विसरतात. 'नेशन–डोनेशन', 'लीव्ह–बिलीव्ह', 'हॉटेल–मोटेल' या जोड्यांत आधीचं व्यंजनही तेच आहे. कानाला गोड लागतात, पण इंग्रजी वाचकाला तो शब्द पुन्हा आल्यासारखा वाटतो. यादीत त्यांना वेगळा रंग दिलाय, काढून टाकलेलं नाही. 'नेशन'ला 'स्टेशन' घेतलं की काम झालं.

कापताना झालेली मोठी चूक आकड्यांची होती. 'व्हॅलेंटाइन'च्या शेवटच्या स्वरावर दुय्यम आघात आहे, म्हणजे २, 'फाइन'वर १. तुकड्यातले आकडे तसेच ठेवले तर दोघं कधीच भेटत नाहीत, आणि इंग्रजी पद्यात तर ही जोडी सर्रास जुळवतात. म्हणून क्रम असा ठरला: आधी १ किंवा २ पाहून कापायचं, मग आकडे पुसायचे, मग जुळवायचं. आकडे आधी पुसले तर कापायची जागाच हरवते. 'द'सारख्या शब्दांत आघात मुळी नसतो. तिथे शेवटचा स्वर धरायचा.

एकाच स्पेलिंगचे दोन शब्द असतील तर दोन्ही उत्तरं दाखवायची, बापुडं यंत्र तरी काय निवडणार? 'रेकॉर्ड' क्रियापद असेल तर 'बोर्ड'शी जुळतं. नाम असेल तर अमेरिकन उच्चारात त्याचं शेपूट 'चेकर्ड'शी जुळतं. आपण दोन्ही वेळा 'रेकॉर्ड'च म्हणतो, त्यामुळे ही जोडी पाहिल्यावर यादीच चुकली असं वाटतं. यादी बरोबर आहे.

कोश अमेरिकन आहे हेही विसरू नये. 'डान्स' आणि 'रोमान्स' तिथे छान जुळतात. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात 'डान्स'चा स्वर लांब 'आ' असतो आणि 'रोमान्स'चा 'ॲ', मग जोडी तुटते. उलट 'डॉन' म्हणजे पहाट आणि 'बॉर्न' ही जोडी तिथे चालते, कारण तो 'र' उच्चारतच नाहीत. अमेरिकेत चालत नाही.

मराठी कानाचे चकवे

यादीपेक्षा जास्त दुरुस्ती इथे करावी लागली. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व 'इ' आणि दीर्घ 'ई' यांत अर्थाचा फरक करत नाही, म्हणून 'बिट–बीट', 'शिप–शीप' आपल्याला यमक वाटतं. इंग्रजीत ते दोन वेगळे स्वर आहेत, नुसती लांबी नाही. नागपूरच्या स्टेजवर रॅप म्हणायचा असेल तर खुशाल वापरा, समोरचे श्रोतेही तसंच ऐकतात. बाहेर छापायला पाठवणार असाल तर नको.

दुसरा चकवा उलट दिशेचा: असलेलं यमक दिसत नाही. 'पास्ड' आपण 'ड'नं संपवतो, पण अघोष व्यंजनानंतर, म्हणजे ज्यात कंठ कंप पावत नाही अशा व्यंजनानंतर, तो शेवट 'ट' होतो. म्हणजे 'पास्ड' आणि 'लास्ट' पक्कं यमक. 'मिस्ड' आणि 'लिस्ट'ही. तसंच अनेकवचनाचा किंवा क्रियापदाला लागणारा 'स' स्वरानंतर घोष होतो, म्हणून 'प्लेज' म्हणजे खेळतो आणि 'प्लेस' म्हणजे जागा हे जुळत नाहीत, पण 'आइज' आणि 'प्राइज' जुळतात.

स्पेलिंगवर तर विश्वास ठेवूच नये. 'लव्ह–मूव्ह' डोळ्यांना जुळतं, कानाला नाही. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचे 'रफ', 'कॉफ', 'दो', 'थ्रू' असे चार वेगळे शेवट होतात.

जवळचं यमक: गुण कसे द्यायचे

इथे आघाताचा स्वर तोच हवा, ही अट सैल केली नाही. सूट फक्त पुढच्या व्यंजनांना. दंड असा ठेवलाय: तेच व्यंजन ०, घोष-अघोष जोडी (ट-ड, स-झ, फ-व्ह, च-ज) १, एकाच कुळातलं, म्हणजे सारख्या रीतीनं उच्चारलं जाणारं, वेगळं व्यंजन २, कुळाबाहेरचं ४, एखादा ध्वनी कमी किंवा जास्त २. नुसता 'ह' जास्त असेल तर १, कारण तो फार हलका असतो. एकूण ३ पर्यंत ठेवायचं, पुढचं टाकायचं. 'टाइम–लाइन'ला २ पडतात, राहतं. 'लाइफ–राइड'ला ४, जातं. 'पर्पल'ला 'सर्कल' मिळालं, 'प' आणि 'क' दोन्ही स्पर्श व्यंजनं म्हणून २. 'सिल्व्हर'ला 'रिव्हर', एक 'ल' कमी, तेही २.

कुळं पाडताना मराठी वर्णमालेचे वर्ग वापरायचा मोह आवरा. पहिल्या खेपेला तेच झालं आणि 'मंथ'ची उत्तरं बिघडली. आपला 'थ' जीभ दाताला टेकवून सोडायचा, त वर्गातला. इंग्रजीतला 'थ' घर्षक आहे, हवा घासत जाते. त्याचे नातेवाईक 'स' आणि 'फ'. म्हणून आपल्या कानाला 'मंथ–हंट' जवळचं वाटतं, आणि इंग्रजी कानाला 'मंथ–वन्स'. याच कारणानं 'फेथ–सेफ' चांगलं जवळचं यमक आहे, देवनागरीत लिहिल्यावर कितीही लांबचं दिसलं तरी.

आता 'ऑरेंज'. कापलेला तुकडा: एओ, आर, एएच, एन, जेएच. पहिल्या पद्धतीत तुकडे जागेनुसार जुळवले जात होते, पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. 'स्टोरेज'मध्ये फक्त 'न' नाही, पण जागेनुसार पाहिलं तर 'न'समोर 'ज' येतो, दंड ४, आणि शेवटी 'ज'समोर काहीच नाही, आणखी २. सहा झाले, शब्द बाद. 'पॉरिज', 'फॉरेज' असे सगळे हातचे गेले. आता त्याजागी लेव्हनश्टाइन अंतर लावलंय, म्हणजे कमीत कमी किती बदल करून एका तुकड्याचा दुसरा होतो ते मोजायचं. 'स्टोरेज' लगेच २ वर आलं, 'फॉरिन'ही २ वर. अर्थात एक जोडदुरुस्ती आधी करावी लागली: आघात नसलेले एएच० आणि आयएच० हे स्वर एकच धरायचे. कोशात त्यांची निवड शब्दागणिक बदलते आणि ऐकताना फरक जाणवत नाही.

जोडशब्दांची युक्ती अशी: तुकडा मधून तोडायचा. पहिल्या भागाला 'डोअर', 'फोर', 'स्टोअर', दुसऱ्याला 'हिंज', 'फ्रिंज', 'इंच'. 'डोअर हिंज'ला 'ह'चा १. 'फोर इंच'ला 'ज'ऐवजी 'च' म्हणून १, आणि मध्ये उपरं व्यंजन नाही. 'फोर-इंच पाइप' असं म्हटलं की आघातही पहिल्या शब्दावर जातो, म्हणून दोघांत 'फोर इंच' वर ठेवलंय. 'फ्रिंज'नं मात्र घोळ केला, दोन जास्तीची व्यंजनं मध्ये घुसतात. म्हणून दुसरा शब्द स्वरानं किंवा 'ह'नंच सुरू व्हावा अशी अट घालायचीय. ती अजून घातलेली नाही.

ताळा घ्यायचा असेल तर डेटाम्यूजची शब्द शोधून देणारी ऑनलाइन सेवा बरी पडते. पक्क्या आणि जवळच्या यमकांसाठी वेगवेगळी विचारणा करता येते आणि रोज १,००,००० पर्यंत विनंत्या फुकट आहेत.

गावातले शब्द

आपल्या गल्लीबोळांची नावं कोशात शोधण्यात अर्थ नाही, हातानं भरावी लागतात. 'बर्डी' सोपं निघालं: 'स्टर्डी', 'वर्डी'. 'इतवारी'ला 'सफारी' आणि 'फेरारी'. 'धंतोली'ला 'स्लोली' आणि 'रॅव्हिओली'. आपला 'ओ' सपाट आणि इंग्रजीतला शेवटी 'उ'कडे झुकणारा, पण तेवढं चालवून घेतलं. 'तर्री'नं, म्हणजे आपल्या तिखट रश्शानं, एक जुनं दुखणं उघडं पाडलं. कोशात 'अर्' हा कधी एकच ध्वनी असतो, कधी 'अ' आणि 'र' सुटे, त्यामुळे इंग्रजीतले 'हरी' (घाई), 'वरी' (काळजी), 'करी' (रस्सा) वेगळ्या पेट्यांत पडू शकतात आणि तर्रीला अर्धेच सोबती मिळतात. जुळवण्याआधी सुट्या जोडीचा एक ध्वनी करून टाकला, आता तिन्ही येतात.

'सदर' या वस्तीच्या नावावर वाद आहे. 'द' हा 'ड'च्या चिन्हानं लिहिला तर 'रडर', 'शडर' मिळतात, आणि ते ऐकून इथला कोणीही मान हलवणार नाही. 'मदर'मधल्या चिन्हानं लिहिला तर 'मदर', 'ब्रदर', 'अनदर' येतात. तो इंग्रजी ध्वनी घर्षक आहे, आपला 'द' नाही, पण आपण 'मदर' म्हणतो तेव्हा आपलाच 'द' लावतो. सध्या दोन्ही नोंदी ठेवल्यात, 'मदर'वाली आधी.