तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेक पॅड घरी बदलता येतात का?

गाडीचे ब्रेक पॅड घरी बदलता येतात का, की जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी न्यावीच लागते, हे बरेच जण विचारतात. पुढच्या चाकांचे येतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमचं काम स्प्रिंगांचं आणि किचकट, ते मिस्त्रीकडे द्या. मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेक बटणावर चालत असेल, तर त्यालाही घरी हात लावू नका.

पुढचे पॅड काढून नवे घालणं हा यातला सोपा भाग. विदर्भात जास्त त्रास देतात त्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना. त्यांच्यावरच तो सरकतो. पांदण रस्त्याची काळी माती पावसाळ्यात चाकाच्या आत चिकटते, मग वाळून कडक होते. पिनांच्या रबरी टोप्या चिरल्या असतील तर पाणी आणि धूळ आत शिरते, पिन गंजते, कॅलिपर सरकत नाही. मग पिस्टनच्या (तेलाच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा आतला पॅड एकटाच झिजत राहतो. म्हणून चाकाच्या फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड जाड दिसला तरी निश्चिंत राहू नका, आतला पाहा. नव्या पॅडचं अस्तर, म्हणजे डिस्कला घासणारा थर, साधारण 10 मिलीमीटर असतं. 3 मिलीमीटरवर आलं की बदला, आणि दोन्ही पुढच्या चाकांचे चारही एकदम बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते.

जागा आधी ठरवा. काळ्या मातीवर जॅक उभा करू नका, तो रुततो आणि कलतो. मुरमाची किंवा सिमेंटची सपाट जागा घ्या, जॅकखाली जाड सागाची फळी ठेवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी उचलल्यावर तिच्याखाली टेकू देणारा लोखंडी स्टँड लावाच. विटांवर गाडी कधीही टेकवू नका, वीट अचानक फुटते. काढलेलं चाकही गाडीच्या काठाखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर बसेल.

कॅलिपरचे बोल्ट बहुधा 12 किंवा 14 च्या पान्याने निघतात. बऱ्याच गाड्यांत फक्त खालचा काढून कॅलिपर वर उलटता येतो. पूर्ण काढला तर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, नळी आतून तुटते आणि बाहेरून दिसत नाही. बांधायच्या तारेने चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. जुने पॅड, पट्ट्या आणि क्लिपा कशा बसल्या आहेत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. आतली धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या किंवा हलक्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आता पिना. दोन्ही बोटांनी सहज आतबाहेर सरकायला हव्यात. अडकत असतील तर बाहेर काढा, पुसा, बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस, रॉकेल, डिझेल यांपैकी काहीही नको, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, अदलाबदल करू नका. फाटलेली टोपी त्याच वेळी बदला. ती तशीच ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा निघेल.

पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पातळी पाहा. पॅड झिजताना पातळी उतरते, आणि कोणी मधेच वरून भरलेलं असेल तर पिस्टन मागे जाताना ते ओसंडून सांडतं. ब्रेक ऑइल रंग उतरवतं, म्हणून सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) सावकाश दाबा. पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं किंवा ओलं दिसलं तर इथेच थांबा. आता गाडीला नवा सील हवा. डिस्कवर खोल चरे नाहीत ना आणि कडेला गंजाची वळ उठली नाही ना, ते पाहा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

नवे पॅड बसवताना ग्रीस फक्त पॅडच्या लोखंडी पाठीला आणि दोन्ही टोकांच्या कानांना, तेही नखभर. अस्तराला आणि डिस्कला बोटांचं तेलही लागू देऊ नका. झीज सांगणारी पत्र्याची पट्टी जिथे होती तिथेच यायला हवी. बोल्ट आणि नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराच्या मापानेच) आवळा, चाकाचे नट समोरासमोरचे आलटून पालटून.

आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचा पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातो. हे विसरून गाडी काढली की पहिला ब्रेक लागतच नाही. घरी पॅड बदलताना सगळ्यात मोठा धोका हाच आहे. त्यानंतर पातळी पुन्हा पाहून हवं तर डबीवर लिहिलेलंच तेल भरा.

रिकाम्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून हळूहळू 20 पर्यंत, मधे थंड होऊ देत, वीसेक वेळा ब्रेक लावा. पहिले 200 ते 300 किलोमीटर जोरात ब्रेक टाळा, आणि चिखलदऱ्याच्या घाटात तोवर जाऊ नका. 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. गाडी थांबवल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न लावता उष्णता जोखा: एक जास्त तापलं असेल तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अजून अडकतोय.