सिराक्यूज: घरी न सापडणाऱ्या माणसांचं गाव

"आई, ही त्याची नाहीच आहे म्हणे."

लेकीने मोबाइलवरून डोकं वर काढलं तेव्हा मी जाळीला नाक लावून उभी होते. पलीकडे खडकात कोरलेलं एक दार, वर त्रिकोणी शिखर, सगळीकडे गुडघाभर गवत. गाव याला ‘आर्किमिडीजची कबर’ म्हणतं. आहे मात्र ते रोमन काळातलं दालन, आत अस्थिकलश ठेवायचे कोनाडे आहेत. आर्किमिडीजचा त्याच्याशी संबंध नाही. मे महिन्याच्या उन्हात सिराक्यूजच्या जुन्या भागातून, ओर्तिजा बेटावरून चालत आलो होतो ते एवढ्यासाठी!

तीस वर्षं नववीच्या पोरांना आर्किमिडीजचं तत्त्व शिकवलं. दरवर्षी ‘युरेका’ म्हटलं की मागच्या बाकावरून तोच तो हशा. म्हणून लेकीने इटलीतल्या सिसिली बेटाचा बेत काढल्यावर मी एकच अट घातली होती, की सिराक्यूजला जायचं. कातानियाहून आगगाडीने सव्वा तासाचा रस्ता, बराचसा समुद्राला धरून.

खरी कबर एकदा सापडली होती. इ.स.पू. 212 मध्ये रोमनांनी शहर जिंकलं तेव्हा एका सैनिकाने आर्किमिडीजला मारलं. त्याला जिवंत ठेवा असं सेनापती मार्सेलसने सांगितलेलं असूनही. पुढे 137 वर्षांनी रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो सिसिलीत अधिकारी म्हणून आला. त्याने चौकशी केली तर गावकरी म्हणाले, अशी काही कबर इथे नाही. पण कबरीवर गोल आणि वृत्तचिती कोरलेली आहे, अशा अर्थाच्या ओळी त्याला पाठ होत्या. वेशीबाहेरच्या झुडपांतून वर आलेला एक छोटा खांब त्याला दिसला, वर तीच आकृती. मग कोयते देऊन माणसं पाठवली, काटेरी झुडपं तोडून वाट केली. अर्ध्या ओळी झिजून गेल्या होत्या. आपल्या सर्वांत बुद्धिमान नागरिकाची कबर या शहराला बाहेरगावच्या माणसाने दाखवावी लागली, हे सिसेरो पुढे मोठ्या ऐटीत लिहितो. आणि ती पुन्हा हरवली.

गोल आणि वृत्तचिती का, हे सांगितल्याशिवाय माझ्यातली मास्तरीण गप्प बसणार नाही. गोल जिच्यात अगदी नेमका बसेल अशी वृत्तचिती घ्या. गोलाचं घनफळ तिच्या दोन तृतीयांश भरतं, आणि पृष्ठफळही दोन तृतीयांशच. दोन्हीकडे तेच गुणोत्तर! आर्किमिडीजला स्वतःच्या यंत्रांपेक्षा याचा अभिमान जास्त होता. रोमन जहाजं उचलून आपटणाऱ्या त्याच्या याऱ्यांच्या गोष्टी पोरांना आवडायच्या, मला हे आवडतं.

तिथून पुरातत्त्व उद्यानात गेलो. डोंगर कोरून केलेलं ग्रीक नाट्यगृह बघायचं तर उन्हाळ्यात दगडी पायऱ्यांवर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात, कारण तिथे अजून प्रयोग होतात. जुन्या ग्रीक नाटकांची ही परंपरा 1914 साली पुन्हा सुरू झाली. ग्रीक नाटककार एस्किलसला राजा हिएरोनने इथे बोलावून घेतलं होतं, त्याचं ‘पर्शियन्स’ हे नाटक या गावाने पाहिलं. मरण मात्र त्याला बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, गेला नावाच्या गावी आलं.

नाट्यगृहाच्या शेजारीच दगडाच्या खाणी आहेत. आता तिथे लिंबाची झाडं, गार सावली. इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सची स्वारी इथे पार बुडाली आणि सात हजारांहून अधिक कैदी सिराक्यूजच्या खाणींत कोंडले गेले. रोज माणशी साधारण पाव लिटर पाणी आणि त्याच्या दुप्पट मापाचं धान्य, असे आठ महिने. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की ज्यांना अथेन्सच्या युरिपिडीसच्या नाटकांतल्या ओळी म्हणता येत होत्या त्यांतले काही सुटले, कारण सिराक्यूजच्या लोकांना त्या ऐकायच्या होत्या. नाटकवेडेपणात आपण मराठी माणसं स्वतःला फार समजतो. पण शत्रूला नाटकातलं पाठांतर म्हणून दाखव आणि घरी जा, असं आपणही कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

याच खाणीत 23 मीटर उंचीची, कानासारखी वळत गेलेली गुहा आहे. हुकूमशहा डायोनिसियस वरच्या फटीतून कैद्यांची कुजबुज ऐकायचा, अशी कथा. गुहेला ‘डायोनिसियसचा कान’ हे नाव दिलं चित्रकार काराव्हाज्जोने, 1608 साली. आत एका शाळेच्या सहलीतली पोरं आवाज घुमवत होती. मीही हळूच ‘युरेका’ म्हणून घेतलं. लेक लांब जाऊन उभी राहिली.

दुपारी ओर्तिजाच्या बाजाराजवळ बदामाचा ग्रानिता (बर्फाचा गोड चुरा) खाताना प्लेटोची आठवण काढली. तो तीनदा इथे आला. चाळिशीत डायोनिसियसच्या दरबारात, मग साठीच्या आसपास दोनदा त्याच्या मुलाला तत्त्वज्ञ राजा करायला. पहिल्या खेपेला राजाने त्याला गुलामांच्या बाजारात विकायला लावलं अशी कथा आहे. तिसऱ्या खेपेला मित्रांनी खटपट केली म्हणून सुटला. प्लेटोच्या नावावरच्या एका पत्रात इथल्या लोकांबद्दल तक्रार आहे की हे दिवसातून दोनदा पोटभर जेवतात. दोनदा! आम्ही सकाळपासून चौथ्यांदा खात होतो. सिसिलीच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिणारा मिथैकोस नावाचा आचारीही प्लेटोच्याच एका संवादात टोमणा खाऊन गेला आहे. महाराजांना खाण्याचं वावडंच असावं.

संध्याकाळी कॅथेड्रलच्या चौकात बसलो. दर्शनी भाग 1693 च्या भूकंपानंतरचा, नक्षीने लगडलेला. पण बाजूच्या भिंतीकडे वळलात की तिच्यात चिणलेले जाडजूड डोरिक खांब दिसतात, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेनाच्या देवळाचे. मंदिराचं चर्च, चर्चची मशीद, मशिदीचं पुन्हा चर्च झालं. खांब जागचे हलले नाहीत. आत जाऊन मी एका खांबाला हात लावला, थंडगार होता.

माणसं मात्र इथून हलत राहिली. कवयित्री सॅफो निर्वासित म्हणून सिसिलीत आली होती. तिचा सुंदर पुतळा सिराक्यूजमध्ये होता, तो रोमन सुभेदार व्हेरेसने पळवला आणि नुसता चौथरा मागे ठेवला. चौथऱ्यावर ग्रीक ओळी होत्या. सिसेरो म्हणतो, याला ग्रीक येत असतं तर तोही ठेवला नसता. बायझंटाइन सम्राट दुसरा कॉन्स्टन्स 663 साली दरबारच इथे घेऊन आला आणि पाच वर्षांनी स्नानगृहात सेवकाने डोक्यात भांडं घालून त्याला मारलं. (गोष्टीतला आर्किमिडीज निदान धावत बाहेर तरी आला.) अरबी कवी इब्न हमदीस ऐन विशीत नॉर्मन आक्रमणाच्या दिवसांत बेट सोडून स्पेनला गेला आणि म्हातारपणापर्यंत कवितेत सिसिलीच आळवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट लुसीच्या चर्चमध्ये गेलो. ती इथलीच मुलगी, 304 साली धर्मासाठी मारली गेलेली, गावाची रक्षणकर्ती. तिचा सण 13 डिसेंबरला, तेव्हा चांदीची मूर्ती मिरवत नेतात. काराव्हाज्जो माल्टाच्या कैदेतून पळून इथे पोचला तेव्हा त्याने तिच्या दफनाचं चित्र काढलं. वरचा अर्धा कॅनव्हास नुसती रिकामी भिंत. पुढे कबर खोदणारे दोन आडदांड गडी, आणि त्यांच्या मधोमध जमिनीवर पडलेली ती, इतकी लहान की आधी खोदणाऱ्यांचे खांदेच नजरेत भरतात. चित्र संपवून तोही मेसिनाकडे गेला.

चर्चमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना लेकीने तिच्या मोडक्या इटालियनमध्ये विचारलं, ती इथेच पुरलेली आहे का? त्यांनी चित्राच्या खालचा, तळघराकडे जाणारा रस्ता दाखवला, मग मान हलवली. कबर रिकामी आहे. देह आधी कॉन्स्टँटिनोपलला गेला, तिथून व्हेनिसला, आणि शतकानुशतकं तिथेच आहे. परत मिळत नाही. पण 2004 मध्ये व्हेनिसकरांनी डिसेंबरात काही दिवसांसाठी पाठवली होती, आणि दहा वर्षांनी पुन्हा एकदा. हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता.

"म्हणजे माहेरपणाला," मी लेकीला म्हटलं. तिने ते इटालियनमध्ये सांगायचा प्रयत्न केला, पण त्या शब्दापाशी अडली.