पायातला दोरा

आळंदीहून पंढरीच्या वारीचं प्रस्थान, पुणे, दिवेघाट, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण सगळं यथासांग झालं. त्याची वर्णनं दरवर्षी छापून येतात. मला सांगायचंय ते बरड सोडल्यानंतरच्या दुपारचं.

डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. पावसाने ओढ दिलेली, डांबर तापलेलं. मागून टँकरचा हॉर्न, पुढे कुणाचा तरी फाटक्या आवाजाचा कर्णा, आणि "माउली, जरा सरका" म्हणत माझ्याच पुढ्यात फोटो काढणारा एक शहरी भक्त. कशाला आलो, असं झालं होतं.

विठोबाबद्दल मी वाचून आलो होतो. संशोधक रा. चिं. ढेरे म्हणतात, हा मुळात गवळी-धनगरांचा देव. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीत तो आजही धनगरांच्या बिरदेवाशेजारी नांदतो. पालखीचा हा थाटही एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवलेला. म्हणजे देव माणसांनी घडवला, वाटही माणसांनीच आखली. फोडाला त्याचा काही उपयोग नव्हता.

बाभळीखाली टेकलो. शेजारी एक आजी तंबाखू मळत होती.

"दाव रं पाय."

तिने गाठोड्यातून सुई काढली, दोरा तेल-हळदीतून ओढला, फोडाच्या या अंगाने घालून त्या अंगाने काढला आणि दोन्ही टोकं लोंबती ठेवून दाताने तोडला. दोऱ्यावाटे पाणी झिरपायला लागलं.

"वढू नगंस. कातडं बी काढू नगंस. आपसूक वाळतंय."

कुठल्या, विचारलं. "कऱ्हाडकडची." मला एकदम भरून आलं. उपाशी पोट, ऊन, दिवसभर एकाच ठेक्यात पडणारी पावलं, अशी त्याची कारणं मला देता येतात. चप्पल घालून मान वर केली तर तिची दिंडी पुढे सरकली होती. शेकडो लुगड्यांत तिचं कुठलं, कळेना.

नातेपुत्याच्या तंबूत हे सहज सांगितलं.

"नाव काय म्हातारीचं?"

विचारलं नाही.

"कितव्या दिंडीतली?"

माहीत नाही.

"आन् वर बघितलंस तर नव्हती?"

नव्हती. विणेकरीबुवांनी डोळे मिटून हात जोडले. पंगत उठेपर्यंत आजीचं लुगडं हिरवंगार झालं होतं, कुंकू रुपयाएवढं. मी म्हटलं, बुवा, ती तंबाखू मळत होती हो.

"रखुमाईनं खाऊ नये असं कुठं लिवलंय?"

तंबू हसला, मीही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट होती. कुणाला घाटात पाणी मिळालेलं, कुणाला चुकलेलं पोर. माझी त्यांच्या ओळीत अलगद जाऊन बसली. देव असा तयार होताना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो, आणि कच्चा माल माझाच. भरून आल्याचं मात्र तिथे सांगितलं नाही. ते लगेच पुरावा म्हणून धरलं असतं.

रात्री डाव्या बाजूचा गडी असा घोरला की झोप कसली.

दुसऱ्या दिवशी पुरंदावड्याच्या रिंगणाला शेजारच्या दिंडीतल्या दोघी विचारत विचारत आल्या. "सुईवाली रखुमाई भेटली ती तुम्हालाच का?" एकीने वाकून दोऱ्याच्या टोकाला बोट लावलं आणि ते कपाळी टेकवलं.

मी म्हटलं, "अहो माउली, आजी होती ती. कऱ्हाडकडची."

"तेच की," ती म्हणाली. "कऱ्हाडकडची होऊन आली."