लाल कोटाखालची माणसं

लग्नाच्या बँडचा लाल कोट तुळशीच्या लग्नानंतर ट्रंकेतून निघतो आणि आषाढात परत आत जातो. चातुर्मासात क्लॅरिनेटवाला दाढ्या करतो. हात वस्तऱ्याला सरावलेला, म्हणून जाड रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसणारी, फुंकरीनं थरथरणारी पट्टी, तासायचं काम त्याचंच. जास्त तासली की ती चिरकते, हे गिऱ्हाईकाच्या गालाइतकंच त्याला ठाऊक. खुळखुळेवाला बहुधा मालकाचा भाचा. सूर लागत नाही, पगार लागतो.

एरवी पेंटर असलेला ट्रम्पेटवाला पिस्टनना, म्हणजे बटणांखालच्या दट्ट्यांना, खोबरेल चोपडतो. चूक! 24 अंशांखाली ते थिजतं आणि डिसेंबरच्या वरातीत दाबलेलं बटण वर येत नाही. पातळ व्हॉल्व्ह ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. थंडीत सूर उतरतो, तेव्हा ट्यूनिंगची नळी आत ढकलायची. उन्हात चढला की बाहेर ओढायची. ढोलवाला तोवर चहा पितो.