उसने स्टार

रविवारी दुपारी एक विद्यार्थिनी प्रबंधाचा चौथा चॅप्टर घेऊन आली. रब्बी ज्वारी, ३० जीनोटाइप (वाण म्हणा), सहा गुण आणि शेवटी पाथ ॲनालिसिस, म्हणजे प्रत्येक गुणाचा उत्पादनावरचा थेट आणि इतर गुणांमार्फत होणारा परिणाम वेगळा काढणं. कणसाच्या लांबीचा धान्य उत्पादनावर डायरेक्ट इफेक्ट ०.३८, त्यावर एक स्टार, म्हणजे ५ टक्के पातळीवर 'हा निव्वळ योगायोग नाही' अशी खूण.

"हा स्टार कुठून आणलास गं?"

"टेबलमधून, मॅडम. ३० वजा २, म्हणजे २८ डिग्री ऑफ फ्रीडमला ०.३६१. त्याच्या वर गेलं की स्टार."

मी कपाळाला हात लावला, पण मनातल्या मनात. एम.एस्सी.ला मीही हेच केलं होतं आणि कुणी हटकलं नव्हतं.

०.३६१ हा आकडा साध्या कोरिलेशनचा, म्हणजे दोन गुणांच्या सहसंबंधाचा. पाथ कोएफिशिअंट, म्हणजे हा डायरेक्ट इफेक्ट, दिसतो तसाच, पण तो असतो एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) मापात आणलेला रिग्रेशन कोएफिशिअंट. म्हणून तर तो कधी १ च्याही वर जातो. कोरिलेशनला ती मुभा नाही. पाथ कोएफिशिअंटची परीक्षा त्याच्या स्वतःच्या स्टँडर्ड एररवर (अंदाज किती हलू शकतो त्याचं माप), आणि ती एरर बाकीच्या गुणांशी जेवढा गुंता तेवढी फुगते. ड्यूई आणि लू यांनी १९५९ मध्ये गवताच्या बियांवर हे गणित मांडलं, तेव्हापासून पीक पैदासवाले आम्ही सगळे ते टेबल छापतोय. एररचा रकाना मात्र क्वचितच दिसतो.

कागद ओढला. तिचा आर-स्क्वेअर ०.५०, म्हणजे उत्पादनातला निम्मा फरक सहा गुण सांगतात, निम्मा उरतो. लांबीतला ८० टक्के फरक इतर पाच गुणच सांगून टाकतात, म्हणजे तिचा स्वतःचा उरला ०.२०. तिसातून सहा गुण आणि एक वजा, २३. उरलेल्या ०.५० ला २३ गुणिले ०.२० ने भागून वर्गमूळ काढलं: ०.३३, ही स्टँडर्ड एरर. ०.३८ ला तिने भागलं की टी: आला १.१५, स्टारसाठी हवा २.०७. स्टार गेला.

पोरगी हिरमुसली. "म्हणजे लांबीचा परिणामच नाही?"

असं कुठे म्हटलं मी! बाकीचे गुण आहे तिथे धरले, तर लांबी एक एसडी वाढली की उत्पादन ०.३८ एसडी वाढतं, हा अंदाज जागेवरच आहे. तीस जीनोटाइपच्या जोरावर छातीठोकपणे सांगता येत नाही, एवढंच.

"मागील हंगामाच्या ०.२१ पेक्षा परिणाम जवळपास दुप्पट" हे वाक्यही मी खोडलं. मूळ मापांतला, म्हणजे क्विंटल-सेंटिमीटरमधला कोएफिशिअंट दोन्ही वर्षी जवळपास तोच होता. मागच्या हंगामात कणसांच्या लांबीतली तफावतच कमी होती, म्हणून एसडीच्या मापात आकडा लहान दिसला.

चहा होईपर्यंत तिने उरलेल्या पाच गुणांचे टी काढले. कणसाच्या वजनाचा स्टार तेवढा टिकला. माझ्या प्रबंधात असे उसने स्टार किती, हे तिने विचारलं नाही. सात आहेत.