पातं कोणतं, एवढंच विचारता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी हा विषय मी टाळतोच. न्यू जर्सीत आम्ही बाण मारायला जमतो, तिथे दर शनिवारी कुणीतरी गाठतं. "काका, पहिल्यांदाच धनुष्य घेऊन आफ्रिकेला शिकारीला निघालोय. तयारी काय करू? बाणाला पातं कोणतं लावू?" (मारवतं कसं, हे विचारणारे वेगळे. ते घरातलेच आहेत आणि त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.)

आकडे हवेत तर घ्या. नामिबियात कुडू, गेम्सबॉक या कुरंगांसारख्या मोठ्या जनावरासाठी कायद्याने बाण किमान 450 ग्रेन वजनाचा आणि त्याचा जोर किमान 65 फूट-पाउंड लागतो. माझा बाण 520 ग्रेनचा, वेग सेकंदाला 250 फूट, म्हणजे जोर 72. पास. पाणवठ्याशी लपून बसायच्या आडोशात काळे कपडे घाला, कारण आत अंधार असतो आणि फिकट बाही हलली की पाणवठा रिकामा. जून-जुलैत जा, तेव्हा रान सुकलेलं असतं आणि जनावराला पाण्यावर यावंच लागतं. स्वेटर न्या. आफ्रिकेत थंडी कसली, हा समज पहिल्याच पहाटे उतरतो. झालं, संपली तयारी.

मीही एवढी केली होती. 10 महिने रोज 60 बाण. बरं, रोज नाही, आठवड्यातले पाच दिवस. पण आळस केला असं मला कुणी म्हणू नये. चूक होती ती परसात नेमाच्या सरावासाठी ठेवलेल्या फोमच्या हरणात. ते इथलं, अमेरिकन हरीण. त्याच्या खांद्यामागे वर्तुळ कोरलेलं, तिथे बाण रुतला की शाब्बास. आफ्रिकेतल्या जनावरांचं काळीज आणि फुप्फुसं त्याहून खाली आणि पुढे असतात. पुढच्या पायाची रेघ धरून वर जायचं आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तसं चित्र फ्रिजवर कालनिर्णयशेजारी लावलं होतं. दूध काढताना रोज पाहायचो आणि परसात जाऊन जुन्याच वर्तुळात बाण मारायचो.

पहिल्या दिवशी वॉर्टहॉग, म्हणजे तिथलं रानडुक्कर, मिळाला, जागच्या जागी. तोच नडला म्हणा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आडोशात मी आणि गाईड. कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला मचाणावर बसलो होतो, तीच ती पाण्याकडे डोळे लावून केलेली बैठक. तेव्हा हातात पेन्सिल होती. चारच्या सुमारास गेम्सबॉक आला, एकटा नर. 22 मीटर. पाण्याला तोंड लावण्याआधी तो बराच वेळ उभा राहिला, पुरता आडवा नाही, छाती किंचित माझ्याकडे वळलेली. मी दोरी ओढली. डोळ्याने आपोआप खांद्यामागची ती जागा शोधली. बाण गेला तो अगदी तिथेच. माझा नेम चुकला नाही, हे मी अजूनही छाती ठोकून सांगतो. नेम जिथे धरला ती जागा चुकली.

बाण आरपार होऊन पलीकडे पडला होता. गाईडने तो उचलला, नाकाशी नेला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. हिरवट, चिकट. गावाकडे जत्रेत बकऱ्याचा कोथळा काढतात तेव्हा येतो तो वास. बाण पोटातून गेला होता, आणखी सांगायची गरज नव्हती. अशा जनावराच्या लगेच मागे लागायचं नसतं. लागलात तर ते उठून पुढे जातं, शांत राहू दिलं तर जवळच बसतं. म्हणून रात्र जाऊ दिली. ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. त्याची कशी गेली असेल हे मात्र दर वेळी मनात येतं.

सकाळी म्हातारा मागकाढ्या पुढे, आम्ही मागे. रक्ताचे थेंब गव्हाच्या दाण्याएवढे, तेही गवताच्या आतल्या बाजूला. तो काडीने दाखवायचा तेव्हा कुठे मला दिसायचे. एका झुडपाखाली गेम्सबॉक रात्री बसला होता. दबलेलं गवत, त्यावर वाळलेला डाग. पुढे चुनखडीची पांढरी कडक जमीन लागली आणि तिथे कळपाच्या खुरांत त्याचे खूर मिसळले. आम्ही सात तास फिरलो. म्हाताऱ्याने तीनदा मागे जाऊन पहिल्यापासून माग धरला. शेवटी त्याने काडी टाकली आणि हात पँटला पुसले. जनावर मिळालं नाही. तिथला नियम आधीच सांगितलेला असतो, रक्त सांडलं की पैसे द्यायचे. दिले. बिलावर ती ओळ वॉर्टहॉगच्या ओळीसारखीच होती.

परत आल्यावर सगळ्यांना सांगत आलो की डोळ्याची सवय नडली, फोमच्या हरणाने घात केला. ऐकणाऱ्यालाही ते पटतं, पुढच्याने तेवढं हरीण बदललं की झालं. पण दोरी ओढली तेव्हा गाईड कानाशी "वेट" म्हणाला होता. ते ऐकूच आलं नाही, असं मी तेव्हा त्याला सांगितलं. आलं होतं बहुतेक. तीन दिवस बसून पाठ आखडली होती, जनावर पुढ्यात होतं आणि हात भरून आला होता. मग दोष सवयीचा की हावेचा? कधी हे म्हणतो, कधी ते. सवयीचा म्हटलं की झोप बरी लागते, म्हणूनच त्या उत्तराचा मला संशय येतो.

पुन्हा जाणार का, हेही विचारता. तिकीट काढलेलं नाही. धनुष्य विकलेलंही नाही. फोमच्या हरणाच्या खांद्यावर आता काळी पट्टी चिकटवली आहे, आणि पाचातला एखादा बाण अजून जुन्याच वर्तुळात जातो.

आणि पातं? दोन धारांचं, उघडझाप न होणारं, दाढी होईल इतकं धारदार. त्या दिवशीही तेच होतं.