तुम्ही विचारलंत म्हणून: टेरी कॅलिअर कुठून ऐकायचा?

सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गाणं, आवडणारे नेहमी विचारतात: हा टेरी कॅलिअर कोण, आणि सुरुवात कुठून करायची? अमेरिकी गायक-गीतकार. सुरुवात १९७३च्या ‘व्हॉट कलर इज लव्ह’ या अल्बमपासून करा. पहिल्या अल्बमपासून नको.

पहिला अल्बम चकवतो. साठच्या दशकाच्या मध्यावर रेकॉर्ड केलेला, एक गिटार, एक गळा आणि चक्क दोन डबल बास (खर्जातली मोठी तंतुवाद्यं). हा जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला प्रत्यक्ष ऐकल्याचा परिणाम. गाणी मात्र बरीचशी लोकगीतं. त्यात निर्माता सॅम्युएल चार्टर्स टेप घेऊन मेक्सिकोच्या वाळवंटात निघून गेला, रेकॉर्ड बाजारात यायला काही वर्षं लागली. सोल शोधत आलेला माणूस इथे दोन गाण्यांत उठतो.

१९७३च्या अल्बमचा निर्माता चार्ल्स स्टेप्नी. पहिलंच गाणं ‘डान्सिंग गर्ल’, जवळपास नऊ मिनिटांचं. आधी गिटार आणि अगदी हलका आवाज, मग तंतुवाद्यं, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), लय चढत जाते आणि परत उतरते. मोबाइलच्या स्पीकरवर सुरुवात हरवते, म्हणून लोक आवाज वाढवतात आणि पुढे ब्रास कानावर आदळतो. हेडफोन लावा, आवाज एकदाच ठरवा. बड्या ख्यालाची सवय असलेल्याला हा सबुरीचा भाग जड जाणार नाही.

मग १९७२चा ‘ऑकेजनल रेन’. इथे गाण्यांच्या मधे एकाच गाण्याचे छोटे तुकडे पेरलेत, त्यामुळे शफल बंद ठेवा. ‘ऑर्डिनरी जो’ यातलंच.

माणूस शिकागोचा, जन्म १९४५, सोल गायक कर्टिस मेफिल्ड बालमित्र. गीतकार लॅरी वेडसोबत ‘द डेल्स’ या गायकांच्या गटासाठी त्यानं हिट गाणं लिहिलं, स्वतःच्या रेकॉर्ड मात्र फारशा खपल्या नाहीत. १९८३मध्ये मुलीचा ताबा मिळाला तेव्हा गाणं सोडून कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग शिकला आणि शिकागो विद्यापीठात नोकरीला लागला. पुढे ब्रिटनमधल्या डीजेंना त्याची जुनी सिंगल (एका गाण्याची रेकॉर्ड) सापडली; ॲसिड जॅझ या रेकॉर्ड कंपनीनं ती पुन्हा काढली. मग रजा टाकून लंडनला गायचं, परत येऊन ऑफिस. सहकाऱ्यांना पत्ता नव्हता. १९९८च्या ‘टाइमपीस’ अल्बमला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, बिंग फुटलं आणि नोकरी गेली. २०१२मध्ये, ६७व्या वर्षी तो वारला.

मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडचं २००६चं ‘लिव्ह विथ मी’ ऐकलंय? मग हा आवाज तुमच्या कानावरून गेलेला आहे.